वारंवार घोळणा फुटणे आणि पक्षाघात: घरच्यांनीही तपासणी करावी का?

प्रश्न, फोंड्याहून
माझ्या ४४ वर्षांच्या धाकट्या भावाला गेल्या महिन्यात पक्षाघाताचा झटका आला. रक्तदाब आणि साखर दोन्ही ठीक होती. मात्र छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसातील धमनी आणि शीर थेट जोडलेली दिसली आणि ओठांवरचे लाल ठिपके पाहून डॉक्टरांनी 'एचएचटी' हा रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक विकार असल्याचे सांगितले. आमच्या आईचा घोळणा इतका फुटत असे की ती उशाशी जुने फडके घेऊनच झोपायची, आणि आम्ही उष्णता समजून तिला कोकमाचे सरबत देत राहिलो. माझाही घोळणा फुटतो. फुप्फुसातील दोषाचा मेंदूशी काय संबंध? शिवाय माझा २० वर्षांचा भाचा ग्रँड आयलंडजवळ पर्यटकांना घेऊन स्कूबा डायव्हिंगला उतरतो, त्याची काळजी वाटते.

उत्तर, मडगावहून
संबंध सरळ आहे. शिरांमध्ये तयार होणाऱ्या बारीक गुठळ्या फुप्फुसातील केशवाहिन्यांत एरवी गाळल्या जातात. या विकारात मधली गाळणीच नसल्यामुळे गुठळी थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकते. रक्त जाऊन लोह कमी झाले की अशा रुग्णांत पक्षाघाताचा धोका वाढतो, त्यामुळे घोळणा फुटणे ही किरकोळ तक्रार मानू नये. आई-वडिलांपैकी एकाला विकार असल्यास प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. तेव्हा ताई, तुम्ही आणि भाचा दोघांनीही बबल इको करून घ्यावा. त्यात सलाइन घुसळून बुडबुड्यांसह शिरेत देतात आणि ते हृदयाच्या डाव्या बाजूला पोहोचतात का हे पाहतात. भावाच्या फुप्फुसातील जोड जांघेच्या शिरेतून नळी नेऊन, कॉइल (बारीक तारेचे वेटोळे) बसवून बंद करता येतो. मेंदूतही असे जोड असू शकतात, म्हणून एमआरआयविषयी विचारावे.

उत्तर, वास्कोहून
मी स्वतः डायव्हिंग करतो, म्हणून स्पष्टच लिहितो: भाच्याला तूर्त पाण्याखाली उतरू देऊ नका. वर येताना रक्तात सुटणारे वायूचे बुडबुडे फुप्फुसात अडकतात म्हणूनच आम्ही सुखरूप असतो; असा जोड असल्यास ते मेंदूकडे जातील. बोटीवरचे काम त्याने खुशाल करावे.

पुन्हा मडगावहून
एक राहिले. जोड आहे की नाही हे ठरेपर्यंत दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना या विकाराची कल्पना द्यावी, कारण त्याच वाटेने जंतू जाऊन मेंदूत गळू होऊ शकते. त्यासाठी आधी प्रतिजैविक देतात. सलाइन लावताना नळीत हवा राहणार नाही, हेही परिचारिकेला आवर्जून सांगावे.