म्हशीच्या दुधातले एक्सोसोम: आधी केसीन हटवा

निपाणीकर, म्हशीच्या दुधातले एक्सोसोम (पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या) वेगळे करताना तळाशी पांढरा गोळा का बसतो, असं तुम्ही विचारलंत. साय काढलेलं दूध तुम्ही सेंट्रिफ्यूजमध्ये थेट १,००,००० जीला (गुरुत्वाच्या लाखपट जोराने) फिरवताय, म्हणून तो गच्च गोळा बसतोय. तो बहुतांशी केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. चिकोडी-बेळगावकडच्या म्हशीच्या दुधात ते गाईपेक्षा जास्तच. केसीनचे कण ५० ते ५०० नॅनोमीटर, एक्सोसोम ३० ते १५०. नुसत्या वेगाने कसे सुटतील? आधी सोडियम सायट्रेट किंवा ईडीटीए घालून कॅल्शियम बांधा, केसीन विरघळतं. मग १२,००० जी, ०.२२ मायक्रॉनची गाळणी, शेवटी १,००,००० जीला ७०-९० मिनिटं; सगळं ४ अंशांवर. (आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, लिहू नका हो, तेवढ्याच जीसाठी रोटरगणिक तो बदलतो.) कण मोजणाऱ्या यंत्राला केसीनही कणच दिसतो, तेव्हा सीडी६३ आणि टीएसजी१०१ या एक्सोसोमची ओळख पटवणाऱ्या प्रथिनांचा वेस्टर्न ब्लॉट (ठरावीक प्रथिन आहे का ते पाहणारी चाचणी) हवाच. दुधातल्या एक्सोसोममधून तोंडावाटे औषध देण्याचे प्रयोग प्राण्यांवर झालेत.