ॲन्सिबल 2.9 वरून पुढे जाताना मॉड्यूल्स सापडेनाशी झाली आहेत. प्लेबुक्स कोणत्या क्रमाने बदलावीत?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे सुमारे 140 लिनक्स सर्व्हर आहेत. त्यांवर वापरकर्ते तयार करणे, डिस्क माउंट करणे, फायरवॉलचे नियम लावणे, डॉकरचे कंटेनर उभे करणे ही सगळी कामे गेली काही वर्षे ॲन्सिबल या, अनेक सर्व्हर एकाच मशीनवरून हाताळणाऱ्या साधनाच्या साठेक प्लेबुक्समधून (कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या फायलींमधून) होत आली आहेत. ती माझ्या आधीच्या सहकाऱ्यांनी 2.9 आवृत्तीवर लिहिली होती आणि सेंटओएस 7 च्या एका मशीनवरून चालवली जात होती. सेंटओएस 7 चे अपडेट 30 जून 2024 नंतर बंद झाल्यामुळे आता अल्मालिनक्स 9 चे नवे मशीन उभे केले आहे आणि त्यावर डीएनएफने (पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेने) ‘ॲन्सिबल-कोर’ हे पॅकेज बसवले आहे, आवृत्ती 2.14 आहे.

अडचण अशी की पहिलेच प्लेबुक ‘माउंट’ या मॉड्यूलपाशी (म्हणजे एकेक काम करणाऱ्या तयार प्रोग्रॅमपाशी) थांबले. हे मॉड्यूल सापडत नाही, नाव चुकले असेल, कलेक्शन (मॉड्यूल्सचा वेगळा बसवायचा संच) बसवलेले नसेल किंवा मार्ग चुकीचा असेल, अशा अर्थाचा संदेश येतो. ‘फायरवॉलडी’, ‘सिसकंट्रोल’ आणि ‘डॉकर_कंटेनर’ यांच्या बाबतीतही तेच होते, ‘कॉपी’ आणि ‘टेम्प्लेट’ मात्र विनातक्रार चालतात. मॉड्यूल्सची नावे आता लांबलचक झाली आहेत असे वाचले. सर्व फायलींमध्ये ‘सेड’ने (शब्द शोधून बदलणाऱ्या आज्ञेने) एकाच वेळी नवी नावे घालावीत, असा माझा विचार आहे. कोणी हे काम आधी केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1

सेड तूर्त बाजूला ठेवावे. आपल्या प्लेबुक्समध्ये आज एकही अक्षर बदलण्याची गरज नाही, कारण मॉड्यूल्सची नावे चुकलेली नसून मॉड्यूल्सच आपल्या मशीनवर आलेली नाहीत.

ऑक्टोबर 2019 मध्ये आलेली 2.9 ही सगळे काही एकाच पॅकेजमध्ये देणारी शेवटची आवृत्ती होती. तीन हजारांहून अधिक मॉड्यूल्स एकाच भांडारात राहत असल्यामुळे एखाद्या मॉड्यूलमधील छोटी दुरुस्तीसुद्धा संपूर्ण ॲन्सिबलच्या पुढच्या आवृत्तीसाठी ताटकळत असे. म्हणून 2020 मध्ये 2.10 पासून गाभा वेगळा काढण्यात आला आणि उरलेली मॉड्यूल्स निरनिराळ्या कलेक्शनमध्ये वाटली गेली. गाभ्यात सत्तरच्या आसपास मॉड्यूल्स राहिली. आपले ‘कॉपी’ आणि ‘टेम्प्लेट’ त्यांतलीच. ‘माउंट’, ‘फायरवॉलडी’ आणि ‘सिसकंट्रोल’ ही ‘ॲन्सिबल.पोझिक्स’ मध्ये गेली. डॉकरची मॉड्यूल्स आधी ‘कम्युनिटी.जनरल’ मध्ये गेली आणि तिथूनही उठून ‘कम्युनिटी.डॉकर’ या स्वतंत्र घरात राहायला गेली. (नेटवर्कवाल्यांच्या ‘आयपीॲडर’ या फिल्टरनेही, म्हणजे मूल्याचे रूप बदलणाऱ्या साधनानेही, असेच दोनदा बिऱ्हाड बदलले आहे. त्यामुळे 2020-21 मध्ये लिहिलेल्या लेखांतील लांब नावे आज जशीच्या तशी उचलू नयेत.)

आपण बसवलेले ‘ॲन्सिबल-कोर’ म्हणजे निव्वळ हा गाभा आहे. नुसत्या ‘ॲन्सिबल’ नावाच्या पॅकेजमध्ये गाभ्याबरोबर कलेक्शनचा मोठा गठ्ठाही येतो. पुष्कळ जणांची गल्लत इथेच होते. गाभ्यामध्ये जुन्या नावांवरून नव्या पत्त्यांकडे नेणारी एक यादी असते, त्यामुळे योग्य कलेक्शन हाताशी असले की प्लेबुकमधील नुसते ‘माउंट’ आपोआप ‘ॲन्सिबल.पोझिक्स.माउंट’ कडे वळते. तेव्हा एक ‘रिक्वायरमेंट्स.वायएमएल’ फाइल लिहावी, तीत लागणारी कलेक्शन आवृत्तीसह नोंदवावीत आणि ‘ॲन्सिबल-गॅलेक्सी कलेक्शन इन्स्टॉल’ या आज्ञेने ती बसवावीत. आवृत्ती लिहायला विसरू नये. न लिहिल्यास सर्वांत नवे कलेक्शन येते, आणि ‘कम्युनिटी.जनरल’च्या 10 व्या शाखेला गाभा किमान 2.15 लागतो. आपल्या 2.14 साठी 9 ची शाखा घ्यावी. आवृत्त्या जुळल्या नाहीत तरी मूळ सेटिंगमध्ये ॲन्सिबल फक्त इशारा देऊन पुढे जाते, आणि रात्री आपोआप चालणाऱ्या कामाच्या लॉगमधला इशारा कोणी वाचत नाही.

त्यानंतर प्रत्येक प्लेबुक ‘सिंटॅक्स-चेक’ खाली चालवून पाहावे. मात्र त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. ‘इम्पोर्ट_टास्क्स’ने जोडलेल्या फायली सुरुवातीलाच वाचल्या जातात, त्यामुळे तिथले न सापडणारे मॉड्यूल या तपासणीत पकडले जाते, ‘इन्क्लूड_टास्क्स’ची फाइल प्रत्यक्ष त्या पायरीला पोहोचल्यावरच उघडली जाते. म्हणजे तपासणी स्वच्छ निघते आणि प्रत्यक्ष चालवताना निम्मे काम झाल्यावर, सेवा थांबवलेली असताना, तीच चूक समोर येते. अशा सर्व फायली ‘ग्रेप’ने शोधून त्यांतील मॉड्यूल्सची यादी हाताने करावी. एखादे मॉड्यूल आता कुठे आहे हे पाहायचे असेल तर ‘ॲन्सिबल-डॉक माउंट’ असे विचारावे. उत्तराच्या पहिल्याच ओळीत पूर्ण नाव आणि फाइलचा मार्ग दिसतो.

उत्तर 2

वरील उत्तराशी मी सहमत आहे. सेडविषयी मात्र स्वतःच्या अनुभवावरून थोडे सांगतो, कारण पूर्ण नावे लिहिण्याची वेळ पुढे येईलच आणि तेव्हा हा मोह पुन्हा होईल.

‘यूजर’ हे मॉड्यूलचे नाव आहे, तसेच ते ‘क्रॉन’ आणि ‘ऑथराइज्ड_की’ या मॉड्यूल्सच्या एका पॅरामीटरचेही नाव आहे. ‘ग्रुप’ हेही मॉड्यूल आहे आणि ‘फाइल’ मॉड्यूलचे पॅरामीटरही. आमच्या सेडला हा फरक कळणार कसा? त्याने ‘क्रॉन’खालच्या ‘यूजर: रूट’ या ओळीचे ‘ॲन्सिबल.बिल्टइन.यूजर: रूट’ करून टाकले. ही चूक निदान ओरडून सांगते. असे पॅरामीटर ओळखीचे नाही म्हणून टास्क तिथेच पडतो.

न ओरडणारी चूक दुसरी होती. आमच्या प्लेबुक्सच्या शेजारी ‘लायब्ररी’ नावाचा फोल्डर होता आणि त्यात पूर्वीच्या एका सहकाऱ्याने ‘गेट_यूआरएल’ची आपली आवृत्ती ठेवली होती, मूळ मॉड्यूलच्या प्रतीत प्रॉक्सीचा पत्ता घालणाऱ्या चार-पाच ओळी वाढवलेल्या. नुसते ‘गेट_यूआरएल’ लिहिले की ॲन्सिबल आधी हा फोल्डर पाहते, म्हणून वर्षानुवर्षे आमचीच प्रत वापरली जात होती. ‘ॲन्सिबल.बिल्टइन.गेट_यूआरएल’ असे पूर्ण नाव लिहिताच तो फोल्डर वगळून थेट गाभ्यातले मॉड्यूल घेतले जाऊ लागले. चाचणीच्या सर्व्हरना इंटरनेट थेट मिळत असल्याने तिथे सगळे सुरळीत दिसले. प्रॉक्सीच्या आड असलेल्या सर्व्हरवर मात्र डाउनलोड टाइमआउट होऊ लागले, आणि आम्ही दोन दिवस नेटवर्क विभागाच्या मागे लागलो होतो. तो फोल्डर कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

अशा ठिकाणी ‘बिल्टइन’ऐवजी ‘ॲन्सिबल.लेगसी’ लिहायचे असते. त्यात गाभ्यातील मॉड्यूल्सही येतात आणि शेजारच्या फोल्डरमधलीही. प्लेबुक्समधील दोष दाखवणाऱ्या ‘ॲन्सिबल-लिंट’च्या सूचनेत हे दोन्ही पर्याय दिलेले असतात, पण वाचणाऱ्याचा डोळा पहिल्यावरच थांबतो. तेव्हा नावे बदलण्यापूर्वी ‘लायब्ररी’ आणि ‘फिल्टर_प्लगइन्स’ हे फोल्डर कुठेकुठे आहेत, रोलच्या (पुन्हा वापरता येणाऱ्या टास्कच्या फोल्डरच्या) आतसुद्धा, ते शोधावे. आणि नव्या मशीनवर जाणे व नावे बदलणे हे दोन बदल गिटमध्ये एकाच कमिटमध्ये कधीही करू नयेत. काही बिघडले तर दोष कोणाचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कलेक्शन बसवल्यावर साठापैकी 52 प्लेबुक्स न बदलता चालली. आमच्याकडेही एका रोलच्या आत ‘लायब्ररी’ फोल्डर निघाला, आणि त्यातल्या एका मॉड्यूलचे नाव गाभ्यातल्या मॉड्यूलसारखेच आहे, त्यामुळे दुसरे उत्तर वाचताना घाम फुटला.

आता दोन शंका राहिल्या आहेत. दिवसा मी हाताने चालवतो तेव्हा व्यवस्थित चालणारे प्लेबुक रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) चालते तेव्हा पुन्हा ‘माउंट’ सापडत नाही म्हणून थांबते. तसेच एका प्लेमध्ये (प्लेबुकमधील एका भागात) वरती ‘कलेक्शन्स’ हा शब्द वापरून यादी दिली असूनही आम्हीच लिहिलेल्या कलेक्शनमधले मॉड्यूल रोलमधून सापडत नाही.

उत्तर 1 (पुढे)

रात्रीचे काम बहुधा दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असावे. ‘ॲन्सिबल-गॅलेक्सी’ला मार्ग सांगितला नाही तर ती कलेक्शन बसवणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये, ‘.ॲन्सिबल/कलेक्शन्स’ खाली ठेवते, आणि तिथे क्रॉनचा वापरकर्ता पाहत नाही. कलेक्शन ‘/यूएसआर/शेअर/ॲन्सिबल/कलेक्शन्स’ मध्ये बसवावीत; हा मार्ग मुळातच शोधयादीत असतो. नंतर दोन्ही वापरकर्त्यांच्या नावाने ‘ॲन्सिबल-गॅलेक्सी कलेक्शन लिस्ट’ चालवून उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. एखाद्या कलेक्शनच्या दोन प्रती दोन मार्गांवर दिसल्या तर होममधली जुनी प्रत काढून टाकावी, नाहीतर दिवसा एक आवृत्ती आणि रात्री दुसरी चालत राहील.

दुसऱ्या शंकेबाबत: प्लेमध्ये दिलेली ‘कलेक्शन्स’ची यादी त्या प्लेमधील टास्कपुरतीच असते, रोलला ती वारशाने मिळत नाही. रोलच्या ‘मेटा/मेन.वायएमएल’ मध्ये ती वेगळी द्यावी लागते. फिल्टर आणि लुकअप (बाहेरून माहिती आणणारी साधने) यांना तर ती यादी लागूच होत नाही, तिथे पूर्ण नावच लिहावे लागते. आपल्या स्वतःच्या कलेक्शनसाठी गाभ्यात रिडायरेक्ट (जुन्या नावावरून नव्या पत्त्याकडे नेणारी ती नोंद) असण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून त्या रोलमध्ये मी आजच पूर्ण नावे लिहिली असती. उरलेल्या आठ प्लेबुक्सना काय अडचण येते ते कृपया इथेच कळवावे. त्यांत ‘जेसन_क्वेरी’ फिल्टर असल्यास आधी ‘ॲन्सिबल --व्हर्जन’च्या उत्तरात कोणता पायथन दिसतो ते पाहावे, कारण त्या फिल्टरला लागणारी ‘जेएमईएसपाथ’ ही लायब्ररी त्याच पायथनसाठी बसवलेली असावी लागते.