मदत हवी आहे: भावाला घड्याळ दुरुस्ती शिकायची आहे (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ उद्यमनगरात टर्नर आहे, पण जीव सगळा घड्याळांत. आजोबांचं चावीचं एचएमटी जनता त्यानं स्वतः उघडून, साफ करून चालू केलं. आता हेच काम पोटापाण्यासाठी करायचं म्हणतोय आणि मला ते मनापासून पटतंय. सेल, पट्टा बदलणं कुणीही शिकवेल. त्याला बॅलन्स व्हील (मागेपुढे डोलून वेळ राखणारं चाक), हेअरस्प्रिंग (त्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग) बसवणं, तेल कुठं आणि किती द्यायचं, हे शिकायचंय. तासाला १८,००० ठोके देणाऱ्या यंत्रात बारीकसा धूळकणही चालत नाही, ते बघूनच शिकावं लागतं.

महाद्वार रोड, शाहूपुरी, राजारामपुरी भागात हाताखाली घेऊन शिकवणारे जुने घड्याळजी कुणाच्या ओळखीत आहेत का? सुरुवातीला पगार नसला तरी चालेल. एचएमटीचे सुटे भाग कुठं मिळतात, तेही कृपया सांगा.