मोरपंखी भिंत कुणी केली आहे का? अनुभव सांगा

टीव्हीमागची भिंत मोरपंखी करायचं आमच्याकडे दिवाळीपासून घाटतंय. नवऱ्याचं म्हणणं, साडीला शोभतो तो रंग, भिंतीवर अंगावर येईल. सासूबाई चक्क माझ्या बाजूने. ज्यांनी केलंय त्यांनी बरंवाईट सगळं लिहा. फोटोत काय, सगळंच छान दिसतं.

*डोंबिवलीहून*
दोन वर्षं झाली. पहिला हात मारून झाला तेव्हा मी रडायचीच बाकी होते. रोलरचे पट्टे, मधूनमधून डोकावणारं पांढरं प्रायमर, एकूण डबक्यावर शेवाळ धरावं तसं. रंगारीकाका मात्र थंड. "ताई, गडद शेडच्या बेसमध्ये पांढरा नावालाच असतो. दोन हातांत झाकत नाही." तीन झाले, कडांना चौथा. वर म्हणाले, प्रायमरमध्येच थोडा राखाडी घालून घेतला असता तर एक हात वाचला असता. हे आधी सांगायला काय झालं होतं?
खरी गंमत संध्याकाळी. पिवळा दिवा लावला की भिंत हिरवी, पांढरी ट्यूब लावली की निळी! दुकानातल्या ट्यूबखाली अंगठ्याएवढ्या चौकोनावरून निवडलेला रंग आमच्या हॉलमध्ये मुळी आलाच नाही. आता ट्यूब काढूनच टाकली आहे.

*पुण्याहून*
घरात लहान मूल असेल तर मॅट नको. स्विचबोर्डभोवती बोटांचे डाग पडतात आणि ओल्या फडक्याने घासलं की तेवढाच भाग चकाकतो. चकाकीचा रंग घ्यावा तर पुट्टीचे सगळे उंचवटे दिसतात. घ्या काय घ्यायचं ते.

*रत्नागिरीहून*
ओल येणारी भिंत असेल तर विचारच सोडा. पांढऱ्या भिंतीवर क्षार फुटले तरी खपून जातं. आमच्या मोरपंखीवर जुलैत मीठ सांडल्यासारखं दिसतं. सध्या पुढे कपाट सरकवलंय.

*लीड्सहून*
भाड्याचं घर. सोडताना पुन्हा पांढरं करून देण्याच्या बोलीवर मालकाने परवानगी दिली. चढवायला एक शनिवार लागला, घालवायला तीन. जाता जाता: इंग्रजीत या रंगाला टील म्हणतात ते एका छोट्या बदकावरून. नराच्या डोळ्यावरून मागे तसा पट्टा असतो.

*निफाडहून*
ते बदक हिवाळ्यात आमच्या नांदूरमध्यमेश्वरला येतं की! रंगाचं म्हणाल, तर आमची द्राक्षबाग. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, झाला बुरशीवर फवारायचा बोर्डो. फवारणीच्या दिवसांत हात, बनियन, पाण्याची टाकी सगळं निळसर. बायकोने बेडरूमला हाच रंग काढला तेव्हा म्हटलं, अगं, निदान झोपताना तरी बाग नको. ऐकते कसली. पण खरं सांगू? शिसवी पलंगामागे झकास दिसतो. आईच्या पितळी समया तिथल्या कोनाड्यात ठेवल्यात, त्या तर अशा उठून दिसतात की आई रोज येऊन बघून जाते.

*धागाकर्ती*
सगळ्यांचे आभार. काल छोटा डबा आणून मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारले. पुठ्ठा टीव्हीमागे उभा केलाय. सकाळी नवरा म्हणाला, "निळा बरा आहे." रात्री दिवा लावल्यावर म्हणाला, "हा हिरवा कधी आणलास?"