नाईक यशवंत घाडगे यांच्या फलकावर नेमकं काय लिहावं?

पाटीवाला:
वाचनालयात लावायला दुसऱ्या महायुद्धातले सैनिक नाईक (हुद्दा) यशवंत घाडगे यांचा फलक करतोय, जागा जेमतेम सहा ओळींची. दोन गोष्टी अडल्यात. मिळालेल्या मजकुरात कुठे 'परमवीर चक्र' आहे तर कुठे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक 'व्हिक्टोरिया क्रॉस'. आणि 'सेक्शन कमांडर (छोट्या तुकडीचा प्रमुख) वगळता सगळे कोसळले, तेव्हा घाडगे पुढे धावले' हे वाक्य. कमांडर शाबूत होता तर तो काय करत होता? बाजूला रायफलीचं चित्र टाकणार आहे, चालेल ना?

दारूगोळा:
चित्र आधी बदला. त्यांच्या हातात टॉमीगन (थॉम्पसन सबमशीनगन) होती.
आणि तो शाबूत राहिलेला कमांडर म्हणजे घाडगेच! भाषांतर करताना कुणीतरी एका माणसाची दोन माणसं केली आणि तेच पुढे सगळीकडे उतरवलं गेलं. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या ३ऱ्या बटालियनच्या एका कंपनीने हल्ला चढवला होता. घाडगेंच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्याशिवाय बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. सोबत यायला कुणी उरलं नाही, हे माहीत असून ते मशीनगनच्या मोर्चावर (ठाण्यावर) धावले.
पुढचा क्रम उलटसुलट करू नका. आधी ग्रेनेड, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा निकामी. मग टॉमीगनने एक जण. उरले दोघे. मॅगझीन (गोळ्यांची पेटी) बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने त्या दोघांना मारलं. 'गोळ्या संपल्या' असं लिहू नका, अडचण मॅगझीन बदलण्याची होती. टॉमीगनचं २० गोळ्यांचं मॅगझीन घोडा दाबून धरला तर दोनेक सेकंदांत रिकामं होतं. ते काढून दुसरं बसवायचं तर दोन्ही हात गुंततात, आणि शत्रू हाताच्या अंतरावर. जवळपास पाच किलोची बंदूक आहे, उलटी धरली की सोटाच.

फीत_किरमिजी:
पदक व्हिक्टोरिया क्रॉसच. परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं आणि मागे लागू केलं ते १५ ऑगस्ट १९४७पर्यंतच. १९४४ त्यात बसतच नाही.
'मरणोत्तर' शब्द मात्र गाळू नका. व्हिक्टोरिया क्रॉसच्या १८५६च्या मूळ सनदेत मरणोत्तर देण्याची तरतूद नव्हती, स्पष्ट उल्लेख १९२०च्या सनदेत आला. दुसऱ्या महायुद्धात रणांगणावर मेलेल्या सैनिकाला एक तर हा क्रॉस, नाहीतर खलित्यात (सेनापतीच्या अधिकृत अहवालात) नुसता नामोल्लेख. मधली पदकं मरणोत्तर देतच नसत.
पदकाचं चित्र टाकणार असाल तर काशाचा क्रॉस आणि किरमिजी फीत. जांभळी फीत परमवीर चक्राची, तिथे हमखास चूक होते. मागची बाजू दाखवलीत तर मधल्या वर्तुळात पराक्रमाची तारीख येते, नाव आणि पलटण वरच्या पट्टीच्या मागे.

पाटीवाला:
मसुदा: 'नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (मरणोत्तर). ३री बटालियन, ५वी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटली. सेक्शनमधले सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनचा मोर्चा जिंकला. परतताना शत्रूच्या गोळ्या लागून वीरमरण. समाधी: कॅसिनो.'

दारूगोळा:
'परतताना' काढा. छातीत आणि पाठीत स्नायपरच्या गोळ्या लागल्या आणि जिंकलेल्या मोर्चातच ते गेले. 'समाधी'ही नको. त्यांच्या दफनाची जागा ज्ञात नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर फक्त नाव कोरलंय. 'नाव: कॅसिनो स्मारक' एवढंच लिहा.