‘थोक’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न :
काल घराजवळच्या ब्रह्मी हॉटेलात पहिल्यांदाच गेलो. ‘खाऊस्वे’ मागवलं तर वाढपी विचारतो, “कुठलं?” खाऊस्वे म्हणजे नुसत्या नूडल्स हे मला तिथे कळलं, नारळाचं दूध म्हणजे ‘ओ नो’, म्हणून आपल्याला ठाऊक असतं ते ‘ओ नो खाऊस्वे’. मग ‘लफे थोक’ आलं. मध्ये मुरवलेल्या चहाच्या पानांचा काळपट गोळा, भोवती तळलेला लसूण, शेंगदाणे, तीळ, कोबी, टोमॅटो यांचे ढीग. त्याने लिंबू पिळून सगळं समोरच एकत्र केलं. तुरट, आंबूस, मध्येच कुरकुरीत. कार्डावर ‘सॅलड’ लिहिलंय, पण जीभ मानत नाही. कोशिंबीर म्हणावं का?

प्रतिसाद :
कोशिंबीर नको. तिकडे बटाट्याचं थोक असतं, नूडल्सचं असतं, सामोसा कापून त्याचंही करतात. समोशाची कोशिंबीर कशी म्हणणार? थोक म्हणजे मुळात हाताने एकत्र करणं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, कालवणे. दहीभात कालवतो तसं.

प्रतिसाद :
क्रियापद बरोबर, पण नाम करायला जाल तर फसाल. आमच्या रत्नागिरीत ‘कालवण’ म्हटलं की बांगड्याचं! आणि त्या कालवणाला ब्रह्मी शब्द आहे ‘हिन्’. क्रिया थोकची, नाव हिन्‌चं, असा घोळ.

प्रतिसाद :
काही वर्षं यांगोनला होतो म्हणून सांगतो, ‘थोक’मधला क म्हणू नका. ‘थो’ म्हणून घशातच तोडायचं. अक्षरांप्रमाणे वाचलं तर तो शब्द ‘सुप्’ आहे, आणि लफे ‘लक्‌फक्’! लिपी आपल्यासारखीच ब्राह्मीतून आलेली, पण ‘स’चा उच्चार जीभ दातांत धरून, थ-सारखा. रत्नागिरीकरांनो, तुमच्याकडे नजरकैदेत असलेला ब्रह्मदेशाचा थिबा राजा अक्षरांत ‘सीपो’च आहे.
आणखी एक. घरोघरी लफे लाखेच्या, कप्पे पाडलेल्या डब्यात पाहुण्यांपुढे येतं, आपल्या पानाच्या डब्यासारखं. तिथली म्हणच आहे : मांसात डुकराचं, फळांत आंबा, पानांत लफे.

प्रतिसाद :
आंब्याचं पटलं. बाकीचं खाऊन बघतो. शाकाहारी मंडळींनी शान प्रांताचा तोफू मागवावा. त्यात सोयाबीन नाही, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ असतं. थापून वड्या पाडल्या की थेट पाटवडी. गरम, सैल वाढतात ते ‘तोफू न्वे’. न्वे म्हणजे गरम. आपण पिठलं म्हणून मोकळे.

मूळ प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. ‘कालवलेली चहापानं’ लिहून ठेवलं होतं. मुलीने वाचलं आणि म्हणाली, “बाबा, चहाची भेळ!” वहीत आता तेच आहे.