रेटिक काउंट दोघांचा वेगळा येतोय, कुठला द्यायचा?

प्रश्न:
आमच्याकडे रेटिक (रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशी) अजून हातानेच मोजतो, न्यू मिथिलीन ब्लू हा डाय लावून. एकाच स्लाइडवर मी १००० पेशी मोजल्या तर १२ रेटिक मिळाल्या म्हणजे १.२ टक्के आणि सोबतच्या मॅडमना २०, म्हणजे थेट २ टक्के. पेशंटचा हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) २५ टक्के आहे, लोहाच्या गोळ्या सुरू होऊन आठवडा झालाय त्यामुळे डॉक्टरांचं सगळं लक्ष याच आकड्याकडे आहे. रिपोर्टला काय लिहू? आणि एकच ठिपका असलेली पेशी धरायची का?

उत्तर १:
दोघांपैकी कोणीच चुकलेलं नाही हो. हजारात जेमतेम १५-२० सापडणार असतील तर एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो, खरा आकडा दीड टक्का असला तरी मोजताना ०.७ ते २.३ काहीही येऊ शकतं. दोघांनी वेगवेगळ्या स्मिअरवर (स्लाइडवर ओढलेल्या रक्ताच्या थरावर) हजार-हजार मोजा आणि सरासरी द्या. मिलर डिस्क (आयपीसमध्ये बसवायची, एक मोठा आणि एक लहान चौकोन आखलेली काच) मिळाली तर फारच उत्तम, लहान चौकोनात लाल पेशी मोजायच्या, रेटिक मात्र पूर्ण मोठ्या चौकोनात, लहान चौकोन मोठ्याच्या नवव्या भागाएवढा असतो म्हणून लहानात ११२ झाल्या की हजाराचं काम झालंच.

उत्तर २:
एक ठिपका धरू नका. निळे कण दोन किंवा जास्त हवेत, नाहीतर जाळी दिसायला हवी. एकच गोल गडद ठिपका बहुतेक हॉवेल-जॉली बॉडी (पेशीकेंद्राचा उरलेला तुकडा) असते, आणि पेशीच्या कडेला चिकटलेला फिकट निळा गोळा दिसला तर हाइन्झ बॉडीचा (बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गोळ्याचा) संशय घ्या. फाइन फोकस हलवून बघा, ठिपका पेशीपेक्षा वरच्या पातळीवर चमकत असेल तर तो डायचा गाळ आहे, डाय गाळून घ्या. अजून एक, रक्त आणि डाय मिसळून थोडा वेळ ठेवल्यावर (इनक्युबेशननंतर) स्मिअर ओढायच्या आधी ट्यूब नीट हलवता ना? रेटिक हलक्या असतात, वर तरंगतात, न हलवता वरचा थेंब घेतला की काउंट उगाच वाढतो.

उत्तर ३:
या पेशंटपुरतं सांगायचं तर १.२ धरा नाहीतर २, अर्थ बदलत नाही. रेटिक प्रॉडक्शन इंडेक्स काढा: २ टक्के गुणिले पेशंटचा हिमॅटोक्रिट २५ भागिले नॉर्मल ४५ म्हणजे १.१, आणि हिमॅटोक्रिट २५ असताना या १.१ ला अजून २ ने भागायचं कारण रेटिक मॅरोतून (अस्थिमज्जेतून) लवकर बाहेर पडून रक्तात जास्त दिवस राहतात. उरलं ०.५५. एवढ्या अ‍ॅनिमियात हा इंडेक्स २ च्या खाली म्हणजे मॅरो अजून जोर धरत नाहीये. लोहाला प्रतिसाद असेल तर ७ ते १० दिवसांत रेटिक चढायला हव्यात, म्हणून दोनेक दिवसांनी परत सॅम्पल मागवा आणि रिपोर्टवर नुसते टक्के नको, अ‍ॅब्सोल्यूट काउंटही (ठरावीक रक्तातली रेटिकची प्रत्यक्ष संख्या) लिहा.